तुम्ही मला दाखवलेल्या शाळा

कन्या वसतिगृह, कारंजा (लाड)
१९ ऑगस्ट १९७३

॥ श्री ॥

तीर्थरूप बाबांस,
उत्पलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. तुम्ही व आई तिकडे आफ्रिकेत, जिम्म्यात खुशाल असालच. येथे जेवण वेळेवर मिळते. पाऊस बेताचा आहे. इंग्रजीच्या तासाला बाई मलाच वाचायला उभे करतात. गणितात मागे आहे, पण भरून काढीन. आमच्या रेक्टर राजमतीबाई फार प्रेमळ आहेत. त्या आत्ता शेजारीच बसल्या आहेत.

तुम्ही सांगितलेले सगळे लक्षात आहे. मी फार बोलत नाही.

आईला नमस्कार. बाळ्याला सांगावे की माझ्या गोट्या त्याला दिल्या.

तुमची आज्ञाधारक,
उत्पला


खडकी (मालेगावजवळ), ता. वाशीम, जि. अकोला
२८ ऑक्टोबर १९७३

बाबा,
जय भीम.

हे पत्र राजमतीबाईंनी वाचलेलं नाही. मागची सगळी त्यांनी वाचली होती. वरचं 'श्री' आणि 'तीर्थरूप' त्या फळ्यावर लिहून देतात आणि सगळ्या मुली तसंच उतरवतात. ती पत्रं तुम्ही कपाटात जपून ठेवली असतील तर फेकून द्या. त्यांत माझं काही नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवा. सगळं. मध्ये खोकू नका. आईला अक्षरं येत नाहीत आणि नको ती ओळ आली की तुम्ही खोकता आणि पुढच्या ओळीवर जाता, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुम्ही सांगितलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातच राहायचं, खडकीला आबा-आत्याकडं जायचं नाही. पण सुट्टीत वसतिगृह बंद असतं, हे तुम्ही विचारलंच नव्हतं. तुम्हाला घाई होती. म्हणून गंगूआत्या न्यायला आली. तिला तुम्ही कळवलं होतं की गेटवर यायचं नाही, एसटी स्टँडवर थांबायचं. ती सकाळच्या गाडीनं येऊन दुपारपर्यंत स्टँडवर बसून होती. मी ट्रंक घेऊन एकटी गेले. तिनं मला बघितल्याबरोबर पहिलं हेच विचारलं, "गेटवर काहून नोको येऊ म्हने तुहा बाप? मी काय चोर हाव?"

मी म्हटलं, शाळेचा नियम आहे.

"कोनता नियम? बाकीच्या पोरीयच्या माया तं अंदर जाऊन राह्यल्या होत्या."

मी काहीच बोलले नाही. हे तुम्ही मला शिकवलंत. जिम्म्यात आठ वर्षं राहून मी तिथली भाषा शिकले, तुमच्याकडून इंग्रजी शिकले, आईकडून मराठी. आणि इथं येऊन तुमच्याकडून गप्प बसायला शिकले.

आता शाळांबद्दल. आईला वाटतं तुम्ही मला खूप शाळा दाखवून त्यांतली चांगली निवडलीत. तिला नीट कळू द्या.

पहिली शाळा वाशीमची. आपण दोघं पावसात गेलो. तुम्ही तिथं खरं सांगितलंत. हेडमास्तर गोड बोलले. मला इंग्रजी उतारा वाचायला दिला. मी वाचला. त्यांनी कारकुनाकडं बघितलं आणि म्हणाले, "वाटत नाही." मग तुम्हाला म्हणाले, शाळेत जागा आहे, पण राहण्याचं म्हणाल तर तुमच्या समाजाचं वसतिगृह वेगळं आहे, मुलगी तिथंच रमेल. बाहेर आल्यावर मी तुम्हाला विचारलं, काय वाटत नाही? तुम्ही छत्री उघडत होता. ती उघडत नव्हती. तुम्ही छत्रीवर चिडलात.

दुसरी मालेगावची. पत्रे गळत होते, वर्गात बादल्या ठेवल्या होत्या. मुली माझ्या बुटांना हसल्या. मास्तर चहा पीत म्हणाले, "आफ्रिकेची पोरगी, मग काळी काहून नाई?" तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत आणि म्हणालात, इथं नाही.

तिसरी कारंज्याची. त्या दिवशी तुम्ही कोट घातला. मी म्हटलं, बाबा, उकडेल. तुम्ही म्हणालात, असू दे. ऑफिसात हेडमास्तर होते आणि संस्थेचे कस्तुरचंद शेठ होते. त्यांनी जिम्म्याचा दाखला हातात घेऊन उलटसुलट केला. त्यावर जात नव्हती. तिथं आपल्याला सगळे हिंदची माणसं म्हणत, एवढंच. त्याच्या आत काय आहे हे कुणी विचारत नसे, म्हणून दाखल्यात तसला रकानाही नव्हता. शेठजींनी विचारलं, "इंगोले म्हणजे मराठ्यांतले ना?"

तुम्ही म्हणालात, "हो."

विचार करायला सुद्धा थांबला नाहीत. वाशीमहून येतानाच तुम्ही ते ठरवलं होतं. कोट त्याच्यासाठीच होता.

बाहेर आल्यावर तुम्ही मला हॉटेलात नेऊन कचोरी दिलीत आणि म्हणालात, "हे फक्त कागदावर आहे, उप्पल. बाकी आपण आहोत तेच आहोत." मग मी खडकीला जायचं नाही, आत्यानं गेटवर यायचं नाही, आबांनी तर कारंज्यातच यायचं नाही, हे कुठल्या कागदावर आहे? मुली मला विचारतात, तुमचं कुलदैवत कोणतं, तुमच्याकडं लग्नात अमुक करतात का. मी सांगते की मी लहानपणीच आफ्रिकेला गेले, मला माहीत नाही. त्यांना माझी दया येते.

आबांना यातलं काही ठाऊक नाही. ते परवापासून मला खाटेवर बसवून वस्तीतल्या एकेकाला बोलावून आणतात. काल ग्यानबाकाकाला म्हणाले, "पाह्य, शेठ लोकायच्या शाळेत हाय माही नात. घेतलं न त्यायनं आपल्या पोरीले. नाई म्हनले नाई. बाबासाहेब सांगून गेले थेच खरं. दुनिया बदलून राह्यली."

ग्यानबाकाका माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी खाली बघत होते. त्यांना वाटलं मी लाजले.

मला इथून न्या. नाहीतर मी सांगीन.

उत्पला


खडकी
३० जानेवारी १९७४

बाबा,

तुमचं डिसेंबरचं पत्र मिळालं होतं. 'दोन वर्षं कळ काढ, मॅट्रिक झालीस की कुणी विचारणार नाही. कुलदैवत विचारलं तर तुळजाभवानी सांग.' मी ते पत्र फाडलं. सांगायची वेळच आली नाही. मी सांगीन म्हणून तुम्हाला धमकी दिली होती, पण मी नाही सांगितलं. आबांनी सांगितलं.

मी आता कारंज्याला नाही. ट्रंक इथं खाटेखाली आहे. का, ते लिहिते. तुम्हाला वाचायला हवं. खोकल्याशिवाय.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन होतं. पालकांना बोलावलं होतं. आम्ही लेझीम धरून रांगेत उभ्या होतो. तेवढ्यात मला गेटातून आबा येताना दिसले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, निळी टोपी. खांद्यावर हरभऱ्याच्या टहाळाची पेंढी. आत्याला न सांगता ते रात्रीच मालेगावला येऊन स्टँडवर झोपले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी शिपायाला काहीतरी विचारलं. शिपायानं मंडपाकडं बोट दाखवलं. मी रांग सोडू शकत नव्हते. सोडली असती तरी त्यांना काय सांगणार होते?

झेंडा झाला, लेझीम सुरू झालं. शेठजी खुर्चीवर बसले, लोक भेटायला लागले. आबा रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी पेंढी खाली ठेवली आणि हात जोडले. आबा हळू बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

"शेठजी, जय भीम. मी पुंजाजी इंगोले. खडकीचा. उत्पला माही नात. आमी बौद्ध लोक. आमच्या वस्तीतली कोनाचीच पोरगी आजलोक अशा शाळेत गेली नाई. तुमी पदरात घेतली, मनलं जाऊन हात जोडून याव."

लेझमी थांबल्या. आमच्या रांगेतल्या मुली आधी आबांकडं आणि मग माझ्याकडं वळल्या. अशी गंमत असते बाबा, एकीनंही विचारलं नाही की हे कोण.

शेठजींनी खाली ठेवलेल्या पेंढीकडं बघितलं. मग म्हणाले, "खुर्ची आणा यांना." शिपायानं राजमतीबाईंकडं बघितलं. मी खोटं लिहिणार नाही, खुर्ची आली. आबा बसले नाहीत. "नाई, मी उभाच बरा," म्हणाले. ते आनंदात होते. त्यांना वाटलं, खुर्ची दिली म्हणजे झालंच.

मग आम्हाला ऑफिसात नेलं. हेडमास्तरांनी रजिस्टर काढून तुमची सही दाखवली. "आजोबा, तुमच्या मुलानं इथं मराठा म्हणून लिहून दिलंय."

आबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणाले, "वाचा बरं डबल."

हेडमास्तरांनी पुन्हा वाचलं.

"जानरावनं सांगतलं? सोताच्या तोंडानं?"

"माझ्यासमोर."

आबा माझ्याकडं वळले. "तुले मालूम होतं, माय?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नंतर तो काढलाच नाही. ऑफिसातून बाहेर येईपर्यंत तो हात तिथंच होता.

शेठजी वाईट बोलले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुम्हाला सोपं जाईल असं काही मला लिहायचं नाही. ते म्हणाले, "हे बघा, जातीचा प्रश्नच नाही. खरं सांगितलं असतं तर आम्ही जरूर विचार केला असता. पण खोटं सांगून प्रवेश घेतला. संस्थेला शिस्त आहे. खोटं बोलणाऱ्या घरची मुलगी ठेवली तर बाकीच्या पालकांना काय सांगू?"

आबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. बाबा, आबांना ते पटलं. त्यांनी शेठजींची माफी मागितली. तुमच्या वतीनं, हात जोडून.

मी तेव्हापासून एकच विचार करते आहे. तुम्ही खरं सांगितलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? कदाचित वाशीमसारखं गोड बोलून परत पाठवलं असतं. कदाचित घेतलंही असतं. शेठजींचा चेहरा बघून मला दोन्ही खरं वाटतं. पण आता ते मला कधीच कळणार नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर तो त्यांचा दोष झाला असता. आता दोष आपला आहे. तुम्ही त्यांना चांगलं कारण दिलंत. त्यांना जातीचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही.

राजमतीबाईंनी माझी ट्रंक भरली. त्या रडत होत्या, खरंच. कपडे नीट घड्या घालून ठेवले. वर माझं ताट, वाटी, पेला ठेवला. मी म्हटलं, बाई, हे वसतिगृहाचं आहे. त्या म्हणाल्या, "असू दे. आता तुझंच."

ट्रंक आबांनी खांद्यावर घेतली. मी धरते म्हटलं तर देईनात. मंडपाशेजारून आम्ही बाहेर पडलो. टहाळाची पेंढी तिथंच खुर्चीच्या पायाशी पडली होती.

गाडीत मालेगाव येईपर्यंत ते ट्रंकेवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "नागपूरले मले त्यानंच नेलं होतं. मी तं भेत होतो. मनलं, देव सोडाचे, गावचे लोक मारतीन. थो मने, भेऊ नोको बा, मी हाव न संग."

एवढंच.

आईला हे वाचून दाखवा.

उत्पला


मालेगाव
१४ जुलै १९७४

बाबा,

तुमची तीन पत्रं आली. पहिल्यात तुम्ही आबांवर चिडलात की त्यांना कारंज्याला जायची काय गरज होती. दुसऱ्यात माझ्यावर, की मी त्यांना आधीच समजावून ठेवायला हवं होतं. तिसऱ्यात अकोल्याच्या एका शाळेचा पत्ता आहे.

पहिलं पत्र मी आबांना वाचून दाखवलं, तुम्ही त्यांच्याच नावानं पाठवलं होतं म्हणून. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अजून काई हाय?" मी नाही म्हटलं. ते उठून गोठ्याकडं गेले. आता तुमचं पत्र आलं तर ते विचारत नाहीत. ग्यानबाकाका वस्तीत माझ्या शाळेची चौकशी करतात तेव्हा आबाच पुढं होऊन सांगतात, "तिच्या मनात नव्हतं तेथी. आमीच आनली." तुमचं नाव कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला बाहेर अजूनही सगळे चांगलंच म्हणतात. हे आबांचं काम आहे, माझं नाही.

अकोल्याला मी जाणार नाही. शाळा बघायला तुमच्याबरोबर पुन्हा जाणार नाही. मी मालेगावच्याच शाळेत नाव घातलं. तीच, पत्रे गळणारी. आत्या आणि मी गेलो. चहा पिणारे मास्तर अजून आहेत, त्यांचं आडनाव देवळे. त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "इंगोले म्हणजे कोन?"

मी म्हटलं, "बौद्ध."

"मंग तसं सांगाव न. मी तं तुले पाटलाची समजलो."

"तुम्ही समजलात. मी सांगितलं नव्हतं."

वर्ग हसला. त्यांनी मला मागं बसवलं. मी दुसऱ्या दिवशी येऊन पुढं बसले. त्यांनी पुन्हा मागं पाठवलं. मी पुन्हा पुढं बसले. असं बरेच दिवस चाललं. एकदा पट्टीनं मारलंही. आता ते काही म्हणत नाहीत, कारण साहेब तपासणीला आले की इंग्रजी वाचायला त्यांना मी लागते. तुम्हाला वाटेल ही चांगली शाळा आहे असं मी सांगते आहे. नाही. पाण्याच्या माठाजवळ एक मुलगी मला अजून वरून पाणी ओतते. तिचं नाव देवला. आम्ही एका बाकावर बसतो, एका चिंचेचे दोन तुकडे करून खातो, आणि ती मला वरून पाणी ओतते. मी तिच्याशी भांडते, ती रडते, दुसऱ्या दिवशी तेच.

हे सगळं तुम्हाला नको होतं, म्हणून तुम्ही 'हो' म्हणालात, असं तुमचं म्हणणं आहे. पण इथं मला कुणी खोटी म्हणत नाही.

उत्पला


खडकी
९ मार्च १९७५

बाबा,

तुमचं मोठं पत्र पोचलं. तिकडं राजाला हटवलं, तिकिटावरूनही त्याचं चित्र गेलेलं दिसलं. तिकडच्या शाळा बंद आहेत, मास्तरांना आणि मुलांना खेड्यापाड्यांत पाठवलंय, तुमचा मास्तरकीचा करार पुढं होईल की नाही ठाऊक नाही, हे कळलं. त्याच पाकिटात आईनं बाळ्याकडून गिरवून घेतलेली ओळ होती. 'मले समदं वाचून दाकवलं.' 'समदं' खाली तिनं रेघ मारली आहे. म्हणजे या वेळी तुम्ही खोकला नाहीत. हे मी नोंदवते. आभार मानत नाही.

आईनं पुढं काय केलं ते तुम्ही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की ती आठवडाभर बोलली नाही. आठवडा कमीच आहे.

आता तुम्ही जे लिहिलंत त्याबद्दल. खडकीच्या शाळेत तुम्ही वर्गाबाहेर ओट्याखाली बसायचात. पाऊस आला की मास्तर तुम्हाला आत घेत नसत, घरी पाठवत. तुमची पाटी मास्तर हातात न घेता काडीनं सरकवून बघत. मला हे माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाही. जिम्म्याच्या व्हरांड्यात बसून तुम्ही मला बाबासाहेबांच्या सगळ्या गोष्टी सांगितल्यात, तुमची एकही सांगितली नाहीत.

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "हाव. पान्यात भिजत घरी ये. तुही आजी त्याले चुलीपाशी बसवे. पन थो रडत नसे. पाटी पुसून राहे."

तुम्ही लिहिता, 'वाशीमच्या ऑफिसात त्यांनी वाटत नाही म्हटलं तेव्हा मी पुन्हा त्या ओट्याखाली होतो, आणि या वेळी शेजारी तू होतीस.' ही ओळ मी अनेकदा वाचली. आत्यालाही वाचून दाखवली. ती रडली. मी नाही. मला राग आला, बाबा. कारण ही ओळ तुम्ही मला त्या दिवशी छत्रीखाली सांगायला हवी होती. मी तेरा वर्षांची होते. मला कळलं असतं. मी तुमचा हात धरला असता. त्याऐवजी तुम्ही छत्रीवर चिडलात, आणि घरी जाऊन ट्रंकेतून कोट काढून ठेवलात.

तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं. ते करणारे वाईट होते. पण तुम्ही त्यांना सोडून आपल्या माणसांना गेटाबाहेर उभं केलंत. आत्याला स्टँडवर. आबांना खडकीत. ओट्याखाली आता तुम्ही नव्हता, ते होते.

कारंज्याच्या हेडमास्तरांना तुम्ही पत्र लिहून खरं काय ते कबूल केलंत आणि उत्तर आलं नाही, असं लिहिलंत. उत्तर येणार नाही. त्यांचं काम झालेलं आहे. तुम्हाला कबूल करायचंच असेल तर ज्यांनी तुमच्यासाठी हात जोडले त्यांच्याकडं करा. त्यांना वाचता येत नाही. स्वतः येऊन सांगावं लागेल.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. संस्कृत वाईट आहे.

उत्पला


खडकी
२ नोव्हेंबर १९७५

बाबा,

करार संपल्याचं आणि डिसेंबरात बोटीनं निघणार असल्याचं पत्र मिळालं. मुंबईला उतरवून घ्यायला मी यावं असं आईला वाटतं. मला दहावीचं वर्ष आहे, येता येणार नाही. हे कारण खरं आहे. दुसरं कारणही आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही विचारलं आहे की अकोल्यात खोली घेऊ की आधी खडकीला येऊ. आणि बाळ्याला कुठल्या शाळेत घालायचं ते मी सुचवावं. बाळ्याच्या शाळेचं आई ठरवील. बाळ्याकडून शिकून तिला आता वाचता येतं. खडकीचं मी आबांना विचारलं, कारण घर त्यांचं आहे.

आबांचे पाय दिवाळीपासून सुजतात. वैद्यानं मीठ बंद केलंय, ते ऐकत नाहीत. खाटेवरच असतात. मी म्हटलं, आबा, बाबा यायचं म्हणतात, काय कळवू?

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "कोनत्या गाडीनं येते?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही. पण आबा, तुम्हाला राग नाही का?

"हाय न."

मग?

"राग हाय मनून का पोरगं बाहीर ठेवाव? बाहीर तं त्याले मास्तरानं ठेवलं होतं. आपुन नाई ठेवत."

मी म्हटलं, मी ठेवीन.

ते म्हणाले, "तू ठेव. तुहा राग तुह्यापाशी. मी तुले नाई मनत नाई."

आत्यानं तुमच्यासाठी मागची खोली शेणानं सारवायला घेतली आहे. ती रोज तुम्हाला शिव्या देते आणि रोज थोडी थोडी सारवते. वस्तीत सांगितलं आहे की जानराव येतो. ग्यानबाकाका विचारत होते की आफ्रिकेत सिंह असतात का.

मी काय करीन ते आधीच सांगते, म्हणजे आल्यावर तोंडं बघत बसायला नको. मी तुमच्याशी बोलीन, कारण एका घरात न बोलता आईला त्रास होईल. तुमच्याकडून गणित शिकीन, कारण इथं ते शिकवणारं कुणी नाही. वाशीमच्या त्या दिवसाबद्दल तुम्ही बोलायला लागलात तर मी उठून जाईन. एखाद्या दिवशी कदाचित जाणार नाही. ते कधी, ते मला माहीत नाही, आणि तुम्ही विचारू नका.

वाशीमहून मालेगावकडं येणारी गाडी खडकी फाट्यावर थांबते, पण सांगावं लागतं, नाहीतर कंडक्टर पुढं नेतो. फाट्यापासून वस्ती चालत आहे. सामान जास्त असेल तर ग्यानबाकाकांची बैलगाडी सांगून ठेवते.

मी फाट्यावर येणार नाही. आबा येतील. त्यांना चालवत नाही, मी तसं त्यांना बजावलं आहे, आत्यानंही बजावलं आहे. तरी ते येतील.

उत्पला